बालरोग रेडिओलॉजीची फेलोशिप: त्या वर्षात नेमकं काय शिकायचं असतं

प्रश्न: रेडिओलॉजीच्या पदव्युत्तर शिक्षणाचं माझं शेवटचं वर्ष चालू आहे. लहान मुलांचे एक्स-रे आणि सोनोग्राफी आम्ही रोजच करतो. मग मुलांच्या इमेजिंगची वेगळी फेलोशिप (पदव्युत्तर शिक्षणानंतरचं विशेष प्रशिक्षण) करून नवीन काय हाती लागतं? तिथे काय शिकवतात, जागा कशी निवडायची आणि हे काम मला झेपेल का, हे कसं ओळखायचं?

उत्तर:

‘रोजच करतो’ हे खरं आहे, आणि अडचणही तिथेच आहे. फेलोशिपला रुजू झाले तेव्हा मीसुद्धा मुलांचे शेकडो एक्स-रे वाचलेले होते. दुसऱ्याच आठवड्यात सात वर्षांच्या एका मुलाच्या कोपराची फिल्म आली. उंचावरून पडला होता, कोपर आतल्या बाजूने सुजलं होतं. मी हाडांच्या कडा एकेक करून तपासल्या, कुठे रेघ सापडली नाही, ‘फ्रॅक्चर नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या फिल्मकडे वळले. संध्याकाळी आमच्या सिनियर मॅडमनी तीच फिल्म पुन्हा उघडली आणि म्हणाल्या, “आतल्या बाजूचं एपिकॉन्डाइल दाखव बघू.” एपिकॉन्डाइल म्हणजे दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाजूचा उंचवटा, आणि ट्रॉक्लिया म्हणजे त्याच टोकाचा सांध्यातला भाग. मी म्हटलं, “ते अजून आलं नसेल. सांध्याजवळ दिसतेय ती ट्रॉक्लिया आहे.” त्या म्हणाल्या, “ट्रॉक्लिया त्याच्या आधी येते का गं कधी?”

कोपरात हाड तयार होण्याची सहा केंद्रं एका क्रमाने उगवतात. कॅपिटेलम पहिल्या वर्षाच्या आसपास, मग रेडियसचं डोकं, मग आतलं एपिकॉन्डाइल, त्यानंतर ट्रॉक्लिया, ओलेक्रेनॉन आणि सगळ्यात शेवटी, साधारण अकराव्या वर्षी, बाहेरचं एपिकॉन्डाइल. वयं थोडी मागेपुढे होतात, पण ट्रॉक्लिया दिसते आणि आतलं एपिकॉन्डाइल दिसत नाही, असं असेल तर ते एपिकॉन्डाइल शोधायला निघायचं. मी ज्याला ट्रॉक्लिया म्हणत होते तो तुकडा म्हणजे तुटून, खाली ओढला जाऊन सांध्यात अडकलेलं एपिकॉन्डाइल होतं. त्याच्या मागूनच अल्नर नर्व्ह, हाताच्या पंजाकडे जाणारी नस, जाते. त्या मुलाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा हात नीट बरा झाला. हा क्रम मला तोंडपाठ होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण फिल्म बघताना मी फक्त जे दिसतंय ते तपासत होते. या वयात इथे काय दिसायला हवं, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

फेलोशिपमध्ये काय शिकवतात, याचं माझं उत्तर हेच आहे: नॉर्मल शिकवतात. मोठ्या माणसाचं नॉर्मल एकदा डोळ्यांत बसलं की बरीच वर्षं पुरतं. मुलाचं नॉर्मल दर महिन्याला बदलतं, आणि अगदी लहान बाळाचं दर आठवड्याला.

हे चुकलं तर काय होतं, याची आमच्या शाखेतली सगळ्यात मोठी साक्ष थायमसची, म्हणजे छातीत हृदयाच्या पुढे असणाऱ्या ग्रंथीची आहे. पूर्वी शवविच्छेदनं व्हायची ती बहुतेक दीर्घ आजाराने गेलेल्या मुलांची, आणि आजारपणात थायमस आकसतो. तो आकसलेला थायमसच नॉर्मल समजला गेला. मग अचानक दगावलेल्या धडधाकट बाळाचा थायमस त्यापुढे ‘वाढलेला’ वाटू लागला, आणि श्वासनलिका दाबून तोच जीव घेतो असा समज पसरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात कित्येक निरोगी बाळांच्या छातीवर हा थायमस लहान करण्यासाठी किरणोपचार झाले. त्यांच्यात पुढे थायरॉइडच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं. आजही तान्ह्या बाळाच्या छातीच्या एक्स-रेवर शिडासारखी थायमसची सावली बघून कुणीतरी न्यूमोनिया किंवा गाठ असं लिहितं आणि सीटी मागवला जातो. अशा वेळी छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर दोन मिनिटांत उलगडा होतो. थायमस मऊ असतो, आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना दाबत नाही, आणि बाळाच्या श्वासाबरोबर त्याचा आकार बदलतो.

मेंदूचंही तसंच. चोविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा मेंदू टाळूवर प्रोब ठेवून बघा. पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत दिसेल. नऊ महिने भरलेल्या बाळात तेच चित्र गंभीर जन्मजात दोषाचं असतं, आणि या बाळात मात्र वयाला शोभणारं. एमआरआयमध्ये मायलिनचा, म्हणजे चेतातंतूंवर चढत जाणाऱ्या आवरणाचा, प्रवास पाहावा लागतो. एमआरआयची टी-वन आणि टी-टू अशी दोन प्रकारची चित्रं असतात: टी-वनवर कॉर्पस कॅलोसमचा (मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या पट्ट्याचा) मागचा भाग चौथ्या महिन्याच्या सुमारास उजळतो, पुढचा सहाव्याच्या सुमारास, आणि टी-टूवर हेच बदल आणखी काही महिन्यांनी दिसतात. म्हणून मुलाच्या मेंदूचा एमआरआय उघडण्याआधी जन्मतारीख बघायची, आणि मूल वेळेआधी जन्मलं असेल तर किती आठवड्यांनी, तेही. ही सवय अंगात मुरायला मला सहा महिने लागले.

नॉर्मल कुणाचं, हाही प्रश्न असतो. हाडांचं वय काढायला ग्रुलिच आणि पाइल यांचा अॅटलास जगभर वापरतात. त्याची दुसरी आवृत्ती १९५९ची आहे, आणि त्यातले डाव्या हाताचे एक्स-रे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधल्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलांचे, १९३०-४०च्या दशकांतले. आता सॉफ्टवेअर हे वय काही सेकंदांत सांगतं. तरी समोरचं मूल कुठलं, त्याचं पोषण कसं, तारुण्याची लक्षणं कधी सुरू झाली, हे विचारात घेऊन रिपोर्ट लिहायला माणूसच लागतो.

आता हातांबद्दल. फेलोशिपचा निम्मा ऐवज हातांत असतो आणि तो वाचून मिळत नाही.

पाच आठवड्यांचं बाळ, प्रत्येक दुधानंतर जोरात उलटी. पायलोरसचा, म्हणजे जठराच्या आतड्याकडे उघडणाऱ्या तोंडाचा, स्नायू ३ मिमी किंवा त्याहून जाड आणि नलिका १५ मिमीच्या पुढे लांब असेल तर स्नायू जाड होऊन वाट अडल्याचं निदान पक्कं, हे तुम्हाला माहीत आहे. पण जठरात हवा असेल तर पायलोरस दिसतच नाही. मग बाळाला उजव्या कुशीवर वळवायचं, आईकडून थोडं पाजून घ्यायचं, जेल कोमट आहे ना ते बघायचं आणि थांबायचं. नलिका नुसती आकुंचन पावलेली असेल तर पाच-दहा मिनिटांत उघडते आणि दूध पुढे सरकताना डोळ्यांनी दिसतं. घाईने एकच मोजमाप घेऊन उठलात तर नको ते ऑपरेशन तुमच्या रिपोर्टवर ठरतं.

हिरवी उलटी हे वेगळंच प्रकरण. नवजात बाळाला पित्ताची हिरवी उलटी झाली की आतड्याला पीळ नाही हे सिद्ध होईपर्यंत तो पीळ आहेच असं समजायचं, कारण काही तासांत अख्खं लहान आतडं काळं पडू शकतं. सोनोग्राफीत रक्तवाहिन्यांचा भोवरा दिसला तर सर्जनला तिथूनच फोन. नाही दिसला तर फ्लुरोस्कोपी, म्हणजे पडद्यावर चालू दिसणारा एक्स-रे, आणि तिथे संधी जवळपास एकदाच मिळते. कॉन्ट्रास्ट (एक्स-रेवर उठून दिसणारं द्रव) पहिल्यांदा ड्युओडेनममधून, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागातून, जाताना बाळ अगदी सरळ उताणं असायला हवं, तरच ड्युओडेनम आणि त्यापुढच्या जेजुनमचा सांधा मणक्याच्या डाव्या बाजूला, ड्युओडेनमच्या बल्बच्या (सुरुवातीच्या फुगीर भागाच्या) पातळीपर्यंत वर आहे की नाही ते खात्रीने सांगता येतं. बाळ थोडं जरी तिरकं झालं तर नॉर्मल सांधा चुकीच्या जागी दिसतो, किंवा उलट. एकदा पुढची आतडी कॉन्ट्रास्टने भरली की तो सांधा त्यांच्यामागे झाकला जातो. म्हणून एका हाताने बाळाचा खांदा, दुसऱ्याने कंबर धरून योग्य क्षणी फिरवायला शिकावं लागतं. मला हे एका ज्येष्ठ टेक्निशियनने शिकवलं. या शाखेत टेक्निशियनकडून शिकण्यासारखं फार असतं. पहिल्याच दिवसापासून त्यांच्या शेजारी उभे राहा.

आतड्यात आतडं शिरतं तेव्हा, म्हणजे इंटससेप्शनमध्ये, आपण निदान करतो आणि उपचारही करतो. हे काम एकदा तपशिलात सांगते. नऊ महिन्यांचा मुलगा, रात्री दोनची वेळ. दर पंधरा मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा आणि मधल्या वेळात मलूल पडून राहायचा. सोनोग्राफीत पोटाच्या उजव्या बाजूला तीन सेंटिमीटरचं गोल वलय, आत वलय, त्यात अडकलेल्या लिम्फ नोड्स. (फक्त लहान आतड्यातलं वलय बरंच छोटं असतं आणि पुष्कळदा आपोआप सुटतं. हा फरक ओळखता आला तर एका मुलाचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून हवा सोडून आतडं सोडवण्याचा उपचार, वाचतो.) पोट कडक नव्हतं, मोकळी हवा नव्हती, सलाइन चालू होतं, सर्जन दाराशी उभे होते. हे चारही जुळल्याशिवाय सुरुवात करायची नाही. ट्रेमध्ये १८ गेजची सुई आधीच काढून ठेवायची, कारण आतडं फाटून पोटात हवा कोंडली तर श्वास थांबण्याआधी ती हवा बाहेर काढायला काही क्षणच मिळतात.

गुदद्वारातून नळी घातली, नितंब टेपने घट्ट बांधले, ८० मिमी पाऱ्याच्या दाबाने हवा सोडली. पडद्यावर हवेचा काळा स्तंभ मोठ्या आतड्यातून वर सरकला, यकृताजवळच्या वळणावर एका गोल गाठीला अडला आणि तिला हळूहळू मागे ढकलू लागला. सीकमपाशी, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, येऊन थांबला. दाब १००, मग १२०. त्याच्यापुढे जायचं नाही, हा नियम. मूल रडत होतं, मॅनोमीटरचा (दाबमापकाचा) काटा प्रत्येक रडण्याबरोबर उसळत होता, आणि मॅडम माझ्या कानाशी म्हणत होत्या, “काट्याकडे त्याच्या श्वास घेण्याच्या वेळेला बघ.” तीन मिनिटांनी दाब सोडला, त्याला विसावा दिला, पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या खेपेला गाठ विरली आणि हवा लहान आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये भसकन शिरली. मूल टेबलावरच झोपी गेलं. सकाळी ते दूध पीत होतं. काही मुलांमध्ये हे पुन्हा होतं, त्याची कल्पना आईवडिलांना आधीच द्यायची. हेच काम सोनोग्राफीखाली सलाइन वापरूनही करतात, त्यात किरणोत्सर्ग नाही. तुमच्या जागी दोन्ही शिकायला मिळत असतील तर उत्तम.

किरणोत्सर्गाचा विषय फेलोशिपमध्ये रोजच निघतो. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या जवळजवळ १ लाख ८० हजार रुग्णांचा अभ्यास आला. लहानपणी सीटीमधून अस्थिमज्जेला एकूण ५० मिलिग्रेच्या (किरणांची मात्रा मोजायचं एकक) आसपास मात्रा मिळालेल्यांत ल्युकेमियाचा धोका सुमारे तिपटीने वाढलेला दिसला. मूळ धोका फार लहान असल्याने एकेका मुलापुरती ही वाढ छोटीच राहते, आणि गरजेचा सीटी टाळणं हे त्याहून जास्त धोक्याचं. आईवडिलांना या दोन्ही गोष्टी एका दमात, न घाबरवता सांगता आल्या पाहिजेत. व्यवहारात मला सगळ्यात उपयोगी पडलेली शिकवण साधी आहे: मुलांत सीटीचा बहुतेक वेळा एकच फेज, म्हणजे एकच फेरी, पुरतो. मोठ्यांच्या सवयीने कॉन्ट्रास्टच्या आधी एक आणि नंतर दोन असे फेज घेतले की मात्रा तिप्पट झाली, आणि माहितीत सहसा काहीच भर पडली नाही. जननेंद्रियांवर शिशाचं आवरण ठेवायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं करत होतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने, एएपीएमने, २०१९मध्ये ही पद्धत थांबवा असं सांगितलं, कारण आवरण चुकीच्या जागी सरकून नेमकं पाहायचं तेच झाकतं, आणि मात्रा आपोआप ठरवणाऱ्या यंत्राच्या क्षेत्रात आलं तर यंत्र मात्रा वाढवतं. जुनी सवय सोडायची कारणं पालकांना समजावून सांगणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

‘ही तपासणी नको’ असं फोनवर सांगायला शिकणं हे मात्र सगळ्यात अवघड. मागणी करणारा डॉक्टर तुमच्याहून वीस वर्षांनी मोठा असतो. नुसता नकार चालत नाही. त्याऐवजी काय करू, आत्ता करू की सकाळी, हे सांगावं लागतं आणि मग स्वतः उठून ते करावं लागतं. एमआरआयसाठी प्रत्येक बाळाला भूल लागते असंही नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ पोटभर पाजून, कान झाकून, घट्ट गुंडाळून ठेवलं तर पुष्कळदा अर्धा तास शांत झोपतं. त्यासाठी दुधाची वेळ आणि मशीनची वेळ जुळवायला लागते, आणि ती रेडिओलॉजिस्टने लक्ष घातलं तरच जुळते.

आता ज्या भागाबद्दल कुणी आधी सांगत नाही तो. १९४६ साली जॉन कॅफी या डॉक्टरांनी सहा तान्ह्या मुलांची नोंद प्रसिद्ध केली. मेंदूभोवती जुना रक्तस्राव आणि हातापायांच्या लांब हाडांत अनेक फ्रॅक्चर, ज्यांचा खुलासा कुणालाच देता येत नव्हता. मुलांना घरात मारहाण होते, हे वैद्यकशास्त्राला उघडपणे म्हणायला १९६२ उजाडलं. त्याची सुरुवात रेडिओलॉजिस्टच्या टेबलावर झाली, हे विसरू नका. फेलोशिपमध्ये तुम्ही संपूर्ण सांगाड्याचे एक्स-रे वाचाल, हाडांच्या टोकांवरचे कोपऱ्यातले बारीक तुकडे आणि फासळ्यांची मागची फ्रॅक्चर शोधाल. फासळीचं ताजं फ्रॅक्चर पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसत नाही, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा फिल्म घ्याल. ठिसूळ हाडांचा आजार, मुडदूस, जन्माच्या वेळची इजा, हे सगळं बाजूला काढाल. मग रिपोर्टमध्ये हाड जे सांगतं तेवढंच लिहाल. कुणी केलं, हे हाड सांगत नाही. कमी लिहिलं तर मूल त्याच घरी परत जातं, आणि जास्त लिहिलं तर निर्दोष आईबापांपासून मूल तुटतं. अशा फिल्मनंतर मला अजूनही थोडा वेळ एकटीने बसावं लागतं. हे कुणाशी बोलायची सोय त्या विभागात आहे का, ते विचारा. हा प्रश्न विचारण्यात काही कमीपणा नाही.

जागा निवडताना मी यंत्रांची यादी शेवटी बघेन. आधी विचारेन की सोनोग्राफीत प्रोब कुणाच्या हातात असतो? जिथे सगळं टेक्निशियन करतात आणि फेलो फक्त चित्रं वाचतो, तिथे वर वर्णन केलेलं निम्मं शिक्षण होतच नाही. रात्रीचा इंटससेप्शन कोण सोडवतं, आणि तेव्हा सिनियर खोलीत असतो की फोनवर? पहिले तीन महिने खोलीत, नंतर फोनवर, असं असावं. सर्जन ऑपरेशनमध्ये काय सापडलं ते तुम्हाला कळवतात का? दर आठवड्याला एकत्र बैठक होत असेल आणि तिथे चुकलेल्या केसेस मोकळेपणाने मांडल्या जात असतील तर बाकीच्या पुष्कळ उणिवा चालवून घ्या. स्वतःची चूक कळल्याशिवाय नॉर्मल पक्कं होत नाही.

नवजात अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत हवा. सातशे ग्रॅमच्या बाळाच्या एका फिल्मवर श्वासनलिकेतली नळी, नाभीच्या धमनीतली आणि शिरेतली अशा दोन वेगळ्या नळ्या, जठरातली नळी, असं सगळं एकदम असतं. धमनीतली नळी आधी ओटीपोटाकडे खाली उतरून मग वर वळते, शिरेतली सरळ वर जाते. यावरून ती ओळखायची आणि टोक कुठे आहे ते त्याच वेळी तोंडी कळवायचं. हे रोज वीस-वीस वेळा केल्यावरच डोळा बसतो. कॅन्सर विभाग आणि हृदयशस्त्रक्रिया असेल तर चांगलंच, पण एका वर्षात हृदय, मेंदू आणि गर्भाचा एमआरआय हे तिन्ही नीट येत नाहीत. यातलं एखादं मनापासून हवं असेल तर दुसरं वर्ष त्याला द्या. बाकीच्यांना एक वर्ष पुरतं, फक्त ते हातांनी काम करण्यात गेलं पाहिजे.

नोकरीचं म्हणाल तर फक्त मुलांसाठीच्या जागा सगळीकडेच मोजक्या असतात. बरेच जण पुढे सर्वसाधारण विभागातच काम करतात आणि त्या विभागातले मुलांचे ‘अवघड’ रिपोर्ट त्यांच्याकडे येतात. माझ्या मते यात काही वाया जात नाही, उलट मुलांचं पहिलं चुकीचं निदान बहुतेक अशाच विभागांत होतं आणि तिथे असा एक माणूस लागतोच.

झेपेल का, याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही, पण ते शोधायचा मार्ग सांगते. अर्ज करण्याआधी ज्या विभागात जायचंय तिथे एक पूर्ण रात्र निरीक्षक म्हणून थांबा. रडणाऱ्या मुलाच्या पोटावर प्रोब धरून दहा मिनिटं शांत राहता येतं का, ते बघा. दाराशी उभ्या आईला काय सांगावं, हे तुम्हाला सुचतं का तेही बघा. सकाळी मुलांच्या दहा नॉर्मल फिल्म मागून घ्या, जन्मतारखा झाका आणि प्रत्येक मुलाचं वय हाडांवरून लिहून काढा. मग तारखा उघडा आणि जिथे चुकलात त्या फिल्म घेऊन तिथल्या सिनियरच्या शेजारी जाऊन बसा. त्या अर्ध्या तासात ते तुम्हाला कसं शिकवतात, यावरून अर्ज करायचा की नाही ते ठरवा.